मशीन नाही, तरी आइस्क्रीम मऊ हवंय? मग आधी पाण्याकडे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन वेळा घरी आइस्क्रीम केलं. दूध, साखर, थोडं क्रीम, सगळं मिक्सरमधून फिरवलं आणि डबा फ्रीजरमध्ये ठेवला. मध्ये एकदा काढून पुन्हा फिरवलंही. तरी तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी डब्यात दगड. चमचा रुतेना, आणि तोंडात घातलं की दाताखाली बर्फ कचकचतो. तिसरा डबा अजून फ्रीजरमध्ये तसाच पडून आहे. मग मशीन घेतल्याशिवाय आइस्क्रीम जमतच नाही का?

जमतं. मी 18 वर्षं आइस्क्रीम करते आहे. त्यातली पहिली 7 वर्षं माझ्याकडे मशीन नव्हतं, आणि आजही कुणाला शिकवायचं असलं की सुरुवात मी मशीनशिवायच करून घेते. मशीन हाताशी असलं की मिश्रणातल्या बऱ्याच चुका झाकल्या जातात. ते नसलं की मिश्रण नीट करण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि हात तिथेच तयार होतो.

तुमची चूक फ्रीजरमध्ये झालेली नाही, त्याच्या आधी पातेल्यात झाली आहे. तुमच्या मिश्रणात पाणी फार आहे. दुधात साधारण 86-87 टक्के पाणी असतं. लिटरभर दुधात 100 ग्रॅम साखर घातली तरी मिश्रणातलं पाणी 78 टक्क्यांच्या आसपास राहतं. एवढं पाणी शांतपणे, न हलवता, रात्रभर गोठलं तर त्याचा बर्फच होणार. मिक्सरमधून कितीही वेळ फिरवलं तरी पाणी कमी होत नाही.

चांगल्या आइस्क्रीमच्या एका चमच्यात चार गोष्टी असतात: बर्फाचे बारीक कण, हवेचे बुडबुडे, स्निग्धांशाचे थेंब, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारा न गोठलेला दाट पाक. हा पाक महत्त्वाचा. घरच्या फ्रीजरचं तापमान साधारण उणे 18 अंश सेल्सिअस असतं, पण त्या तापमानालाही आइस्क्रीममधलं सगळं पाणी गोठत नाही. जसजसा बर्फ होत जातो तसतशी उरलेल्या पाण्यातली साखर दाट होत जाते, आणि दाट पाक गोठायला आणखी थंडी मागतो. शेवटी साधारण पाव भाग पाणी पाकाच्या रूपात द्रवच राहतं. चमचा रुततो तो या पाकामुळे. साखर कमी केली की पाक कमी होतो आणि डबा दगड होतो. तब्येतीसाठी म्हणून साखर निम्मी करणाऱ्यांची तक्रार नेहमी हीच असते, आणि तिचं कारण हे आहे.

बर्फाच्या कणांचा आकार ही दुसरी गोष्ट. कण 50 मायक्रॉनच्या आत असले, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागापेक्षा लहान, तर जिभेला ते वेगळे कळत नाहीत, नुसतं मऊ लागतं. त्याहून मोठे झाले की कचकच सुरू होते. मिश्रण जितकं झपाट्याने थंड होईल तितके कण संख्येने जास्त आणि आकाराने बारीक होतात. सावकाश गोठलं की मोजकेच कण तयार होतात आणि तेच वाढत बसतात.

मशीन नेमकं काय करतं, तर भांड्याची भिंत अतिशय थंड ठेवतं, भिंतीला धरलेला बर्फाचा पातळ थर सतत खरवडून आत ढकलतं, आणि ते करताना थोडी हवा मिसळतं. एवढंच काम आहे. मशीन नसताना ही कामं आपल्याला दुसऱ्या वाटेने करून घ्यायची. हवा आधीच फेटून भरता येते. खरवडणं हाताने करता येतं. आणि मिश्रणात मुळात पाणीच कमी ठेवलं तर बर्फ वाढायला वाव उरत नाही. पुढे मी सांगते त्या सगळ्या पद्धती या तीन वाटांच्या आहेत. त्यांतली कुठलीही घ्या, पण ती कुठलं काम करते आहे हे मनात पक्कं ठेवा.

पहिल्या वेळेसाठी माझा सल्ला फेटलेल्या क्रीमच्या आइस्क्रीमचा. 500 मिली व्हिपिंग क्रीम आणि 300 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क. कंडेन्स्ड मिल्कचा 400 ग्रॅमचा अख्खा डबा घालायची पद्धत सर्रास दिसते, पण ते फार गोड होतं, 300 पुरे. या प्रमाणात मिश्रणातलं पाणी जेमतेम 47 टक्के येतं, स्निग्धांश पंचवीसच्या आसपास आणि साखर 17 टक्के. तुमच्या दुधाच्या मिश्रणातल्या 78 टक्क्यांशी ताडून बघा. ही पद्धत न हलवता का जमते याचं उत्तर त्या दोन आकड्यांत आहे.

क्रीम घेताना पाकिटावरचा स्निग्धांशाचा आकडा वाचा. तो 30 टक्क्यांच्या वर हवा, 35 असला तर उत्तम. 25 टक्क्यांचं क्रीम सॉसला, भाजीला छान असतं, पण ते कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. आपल्याला फेटता येत नाही असं समजून लोक तासभर हात दुखवून घेतात, आणि दोष असतो क्रीमचा. वनस्पती तेलापासून केलेलं व्हिपिंग क्रीमही मिळतं. ते पटकन फुलतं आणि टिकतं, पण बहुधा आधीच गोड केलेलं असतं आणि दुधाची चव त्यात नसते. ते वापरायचं असेल तर कंडेन्स्ड मिल्क आणखी कमी करा. माझी पसंती दुधाच्या क्रीमलाच आहे.

आता फेटणं. भांडं आणि बीटरची पाती 15 मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा, क्रीम थेट फ्रीजमधून काढून ओता. स्निग्धांश थंड आणि घट्ट असला तरच तो बुडबुड्यांभोवती भिंत धरतो. कोमट क्रीम फुलण्याऐवजी बसतं. मध्यम वेगाने सुरू करा. आधी मोठे फेसाचे बुडबुडे दिसतील, मग ते बारीक होऊन क्रीम दाट सायीसारखं होईल, मग पात्यांच्या मागे रेघा उठू लागतील. पहिल्यांदा त्या रेघा लगेच बुजतात. मग एक क्षण येतो की रेघ तशीच राहते. इथे थांबा, पाती वर उचला. टोक उभं राहून शेंड्याशी किंचित वाकलं की क्रीम झालं. त्याच्यापुढे वीस-तीस सेकंदही नकोत.

हे मी इतक्या बारकाईने सांगते आहे कारण ही चूक मी केली आहे. वीसेक माणसांसाठी आइस्क्रीम करत होते, बीटर चालू असताना फोन आला आणि दोन मिनिटं लक्ष गेलं. परत बघते तो क्रीम पिवळसर, खरबरीत दिसायला लागलं होतं आणि कडेला पाणी सुटत होतं. म्हणजे लोणी व्हायला सुरुवात झाली होती. वाटलं, कंडेन्स्ड मिल्कमध्ये मिसळलं की सारखं होईल. झालं नाही. गोठल्यावर प्रत्येक घासाला टाळूवर तुपकट थर बसत होता आणि मध्ये लोण्याचे दाणे लागत होते. खरबरीतपणा नुकताच सुरू झाला असेल तर दोन-तीन चमचे न फेटलेलं थंड क्रीम घालून हाताने हलवलं की बहुतेक वेळा सावरतं. दाणे आणि पाणी वेगळं दिसलं तर मात्र सरळ लोणी काढून घ्या आणि नवीन क्रीम आणा.

कंडेन्स्ड मिल्कही थंडच हवं. त्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर व्हॅनिला घाला. आधी फेटलेल्या क्रीममधला तिसरा हिस्सा त्यात घालून बिनधास्त ढवळा, म्हणजे ते सैल होतं. उरलेलं क्रीम मात्र हलक्या हाताने, तळापासून वर घेत, भांडं फिरवत मिसळा. इथे घाई केली तर आत भरलेली हवा निघून जाते आणि तीच तर मशीनच्या ऐवजी आपण भरली होती. पांढऱ्या रेघा एखाद-दुसऱ्या दिसत राहिल्या तरी थांबा.

डबा उथळ घ्या. धातूचा असेल तर फार चांगलं, कारण त्यातून उष्णता प्लास्टिकपेक्षा कितीतरी लवकर बाहेर जाते. तो आधी फ्रीजरमध्ये थंड करून ठेवा. मिश्रण ओतून वरच्या पृष्ठभागाला चिकटेल असा प्लास्टिकचा कागद लावा, मग झाकण. कागद आणि आइस्क्रीम यांच्यात हवा राहिली की तिथे वाफ गोठून पांढरा कुरकुरीत थर बसतो. फ्रीजरच्या तळाशी, मागच्या भिंतीजवळ जागा करा आणि 8 तास दार शक्य तितकं बंद ठेवा.

हे आइस्क्रीम पहिल्याच वेळी जमतं, पण खरं सांगायचं तर ते जड असतं. दोन गोळ्यांनंतर नको वाटतं. दुधाचं हलकं आइस्क्रीम ज्यांना आवडतं त्यांनी दुसरी वाट धरावी. तिला वेळ लागतो, पण मला स्वतःला तीच जास्त आवडते.

जाड बुडाच्या पातेल्यात लिटरभर फुल क्रीम दूध मंद आचेवर आटवा, साधारण पाऊण लिटर होईपर्यंत. म्हणजे पावशेर पाणी आपण फ्रीजरच्या आधीच काढून टाकलं. कडेला साय धरते ती खरवडून आत मोडत राहा. 40 ग्रॅम दूध पावडर आणि 15 ग्रॅम कॉर्नफ्लोअर वाटीभर वेगळ्या काढून ठेवलेल्या थंड दुधात गुठळी न होता कालवा आणि आटलेल्या दुधात घाला. मग 140 ग्रॅम साखर आणि 30 ग्रॅम ग्लुकोज पावडर. उकळी आल्यावर दोन-तीन मिनिटं ढवळत शिजवा, म्हणजे कॉर्नफ्लोअरचा कच्चा वास जातो. खाली उतरवून 200 मिली साधं क्रीम मिसळा. इथे फेटायचं नसल्याने 25 टक्क्यांचं क्रीम चालतं.

यातला एकेक जिन्नस कशासाठी आहे ते सांगते, म्हणजे तुम्हाला पुढे स्वतः बदल करता येतील. कॉर्नफ्लोअर शिजला की पाणी धरून ठेवतो, मोकळं फिरू देत नाही. दूध पावडरमधली प्रथिनंही तेच करतात. पण पावडर वाढवत नेऊ नका. तिच्यात दुधाची साखर, म्हणजे लॅक्टोज, भरपूर असते आणि ती पाण्यात कमी विरघळते. फार झाली तर थंडीत तिचे स्फटिक होतात आणि आइस्क्रीम वाळू मिसळल्यासारखं लागतं. ही रेव आणि बर्फाची कचकच वेगळी ओळखता येते: बर्फ जिभेवर लगेच वितळतो, रेव राहते. ग्लुकोजचा रेणू साखरेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा असतो, त्यामुळे तेवढ्याच वजनात तो गोठणबिंदू साखरेच्या सुमारे दुप्पट खाली आणतो आणि गोडीला मात्र कमी असतो. गोडी न वाढवता आइस्क्रीम मऊ ठेवायचं असेल तर साखरेतला थोडा हिस्सा ग्लुकोजला द्या. मधानेही असंच होतं, फक्त मधाची चव पुढे येते.

कॉर्नफ्लोअरऐवजी अंड्याचे बलक घेऊन कस्टर्ड करता येतं. अर्ध्या लिटर दुधाला 4 बलक. बलकातला लेसिथिन पाणी आणि स्निग्धांश एकजीव ठेवतो आणि पोत रेशमी येतो. आच मात्र जपा. साधारण 82 अंशांना कस्टर्ड दाट होतं आणि 85 च्या पुढे बलक फुटतो. थर्मामीटर नसेल तर लाकडी चमचा बुडवून काढा, त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. दोन्ही बाजूंचं कस्टर्ड रेघेत ओघळलं नाही तर लगेच उतरवा आणि थंड भांड्यात गाळून घ्या. कच्च्या अंड्याचं आइस्क्रीम करू नका. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात.

जीएमएस (ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट) आणि सीएमसी (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) या आइस्क्रीममध्ये घालायच्या पावडरींबद्दल बरेच जण विचारतात. जीएमएस स्निग्धांश आणि पाणी एकत्र धरतं, सीएमसी मोकळं पाणी बांधतं. दोन्ही खाण्यासाठी मान्य असलेले पदार्थ आहेत, त्यांना घाबरायचं कारण नाही. सीएमसी लिटरला पाव छोटा चमचा एवढंच, आणि साखरेत कोरडं मिसळूनच घाला, नाहीतर गुठळ्या होतात. जास्त पडलं तर आइस्क्रीम चिकट, ओढल्यासारखं होतं. जीएमएस गरम मिश्रणातच विरघळतं. मी रोजच्या करण्यात कॉर्नफ्लोअरवर भागवते. दोन आठवडे टिकवायचं असेल तेव्हाच चिमूटभर सीएमसी घेते.

मिश्रण तयार झालं की ते गरम असताना, कोमट असतानासुद्धा, फ्रीजरमध्ये टाकू नका. आधी पातेलं बर्फाच्या पाण्यात बसवून गार करा, मग झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. हा मुक्काम लोक हमखास गाळतात आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण काहीही न करता मिळणारा हा सगळ्यात मोठा फायदा आहे. त्या वेळात स्निग्धांश घट्ट होतो, प्रथिनं आणि कॉर्नफ्लोअर पाणी शोषून घेतात, आणि चव एकमेकांत मुरते. 4 तास तरी द्याच. शिवाय 4-5 अंशांचं मिश्रण फ्रीजरमध्ये गेलं की ते लवकर गोठतं, आणि लवकर गोठणं म्हणजे बारीक कण.

फ्रीजरमध्ये टाकण्याआधी चव घ्या. ती थोडी जास्त गोड लागली पाहिजे. थंडीत जीभ गोडी कमी ओळखते, म्हणून पातेल्यात बरोबर लागलेलं मिश्रण गोठल्यावर फिकं लागतं.

आता खरवडणं. उथळ ट्रेमध्ये दोन-तीन सेंटिमीटरचा थर घाला. पहिली 45 मिनिटं हात लावू नका. मग काढून बघा, कडा पांढऱ्या होऊन घट्ट झालेल्या असतील आणि मध्ये पातळ असेल. काट्याने कडा खरवडून मध्ये आणा, जोरजोरात ढवळा आणि परत ठेवा. पुढे दर अर्ध्या तासाने हेच, चार ते पाच वेळा. तुम्ही मध्ये एकदा फिरवलं होतंत, ते कमी पडलं. बर्फ वाढतो तो त्या मधल्या तासांत. तिसऱ्या फेरीपासून काट्याऐवजी हँड मिक्सर वापरला तर कण जास्त बारीक होतात आणि हवाही जाते. शेवटी मऊ, उभ्या चमच्याला धरेल असं झालं की डब्यात दाबून भरा.

एवढा वेळ घरी थांबणं शक्य नसेल तर मी नोकरीच्या दिवसांत शोधलेली सोय सांगते. मिश्रण बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून खडे गोठवा. दुसऱ्या दिवशी खडे पाच मिनिटं बाहेर ठेवून, दोन-तीन चमचे थंड दूध किंवा क्रीम घालून, ताकदीच्या मिक्सरमध्ये किंवा फूड प्रोसेसरमध्ये थांबून थांबून फिरवा. आधी भुसा होतो, वाटतं बिघडलं. कडा खाली ढकलत राहा. एकाएकी ते एकत्र येऊन लोण्यासारखं गुळगुळीत होतं. तेवढ्यावर थांबा, जास्त फिरवलं की गरम होऊन वितळतं. लगेच डब्यात भरून तीन-चार तास ठेवा. इथे पाती बर्फ फोडतात, म्हणजे खरवडण्याचं काम शेवटी एकदाच होतं. साध्या दुधाच्या मिश्रणालाही ही पद्धत बरीच सावरते.

आणि ज्यांच्याकडे फ्रीजरच धड नाही, किंवा मुलांना सोबत घेऊन करायचं आहे, त्यांच्यासाठी बर्फ आणि मीठ. 1843 साली अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या बाईंनी हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या भांड्याचं पेटंट घेतलं, ते याच तत्त्वावर होतं: बाहेरच्या बादलीत बर्फ आणि मीठ, आत धातूचं भांडं, त्यात फिरणारी पाती. मीठ घातल्यावर बर्फ शून्य अंशाच्या बराच खाली वितळू लागतो, आणि वितळायला लागणारी उष्णता आजूबाजूने, म्हणजे आपल्या मिश्रणातून, ओढून घेतो. बर्फ आणि मीठ यांची थंडी जास्तीत जास्त उणे 21 अंशांपर्यंत जाऊ शकते. घरच्या टोपात तेवढं होत नाही, पण उणे 10 ते 15 सहज मिळतं. शिवाय इथे थंड खारं पाणी भांड्याला सगळीकडून चिकटलेलं असतं. फ्रीजरमधली हवा उष्णतेची वाहक म्हणून कमजोर, म्हणून तिथे जे तासन्‌तास चालतं ते इथे अर्ध्या तासात होतं.

मोठ्या टोपात तीन भाग फोडलेला बर्फ आणि एक भाग जाडं मीठ, वजनाने, थर देऊन भरा. मध्ये स्टीलचं भांडं बसवा आणि त्यात फ्रीजमधलं थंड मिश्रण, अर्ध्या लिटरपेक्षा जास्त नको. रबरी उलथन्याने भिंतीवरचा थर सतत खरवडत राहा. पहिली सात-आठ मिनिटं काही होत नाहीसं वाटतं. मग उलथनं जड होऊ लागतं, भिंतीवर मलईसारखे पापुद्रे येतात, आणि 20 ते 30 मिनिटांत मऊ आइस्क्रीम तयार. मशीनशिवायच्या सगळ्या पद्धतींत पोत सर्वांत चांगला इथे येतो, कारण हेच खरं तर हाताने चालणारं मशीन आहे. आतल्या भांड्याचा काठ बर्फापासून चार बोटं वर असू द्या. खाऱ्या पाण्याचा एक चमचा आत गेला तरी सगळं वाया. आणि त्या बर्फात उघडा हात घालू नका, विशेषतः मुलांना घालू देऊ नका. साध्या बर्फापेक्षा तो बराच थंड असतो आणि कातडीला इजा करतो. जाड कापड किंवा मोजे वापरा.

फळांच्या बाबतीत पुन्हा पाणीच आडवं येतं. स्ट्रॉबेरीत 90 टक्क्यांच्या वर पाणी असतं, आंब्यात ऐंशीच्या वर. कच्चा गर वाटून घातला की सगळी मेहनत वाया जाते, आणि फळाचे अख्खे तुकडे घातले तर त्यांचे बर्फाचे खडे होतात. अर्धा किलो स्ट्रॉबेरी 60 ग्रॅम साखर घालून पातेल्यात आटवा, निम्मी होईपर्यंत. उलथन्याने तळाला रेघ ओढली की क्षणभर तळ दिसला पाहिजे. पूर्ण गार करून, फ्रीजमध्ये ठेवून, मगच मिश्रणात घाला. चव आटल्याने गडदही होते. अननस आणि किवी यांच्यात दुधाची प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं, त्यामुळे ती कच्ची घातली की दूध कडवट होतं आणि फाटल्यासारखं दिसतं. उकळून घेतली की हा दोष जातो. केळं याला अपवाद: पिकल्या केळ्याच्या चकत्या गोठवून मिक्सरमध्ये फिरवल्या की दुधाशिवायही आइस्क्रीमसारखं मऊ होतं, कारण केळ्यातलं पेक्टिन आणि साखर पाणी धरून ठेवतात.

कोको पावडर घालणार असाल तर ती दुधात उकळूनच घ्या, म्हणजे कोरडी चव जाते. ती स्वतः पाणी शोषते, म्हणून कॉर्नफ्लोअर थोडा कमी करा. सुकामेवा भाजून, पूर्ण गार करून, शेवटच्या ढवळण्यात घाला. आधी घातला की मऊ पडतो.

तयार आइस्क्रीम दोन आठवड्यांत संपवा. त्यानंतर ते नासत नाही, पण खरखरीत होत जातं. फ्रीजरचं दार उघडलं, तापमान चढलं, की बारीक कण वितळतात, आणि पुन्हा गार झालं की ते पाणी मोठ्या कणांवर जाऊन बसतं. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजमध्ये हे दिवसातून एखाद-दोन वेळा थोडं थोडं होतच असतं. म्हणून एका मोठ्या डब्यापेक्षा लहान लहान डबे भरा आणि एका वेळी एकच बाहेर काढा. वाढण्याआधी डबा ओट्यावर ठेवण्यापेक्षा 15 मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. ओट्यावर कडा वितळतात आणि मध्य दगडच राहतो. फ्रीजमध्ये सगळा डबा सारखा सैलावतो. वितळून पातळ झालेलं आइस्क्रीम पुन्हा गोठवू नका. हवा गेलेली असते, आणि बाहेर तासन्‌तास राहिलं असेल तर ते खाण्याजोगंही नसतं.

आता तुमचा तो तिसरा डबा. तो फेकू नका. रात्री फ्रीजरमधून काढून खालच्या फ्रीजमध्ये ठेवा, ओट्यावर नको. सकाळपर्यंत तो सावकाश पातळ होईल. मग पातेल्यात ओतून ढवळत उकळी आणा आणि चौथा हिस्सा कमी होईपर्यंत आटवा. आधी थोडं थंड दूध बाजूला काढून त्यात लिटरमागे 40 ग्रॅम दूध पावडर आणि 15 ग्रॅम कॉर्नफ्लोअर कालवून घाला, दोन मिनिटं शिजवा. चव घ्या, आणि साखर कमी वाटली तर ग्लुकोजने वाढवा. गार करा, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी बर्फाच्या ट्रेमध्ये खडे करून मिक्सरमधून काढा. चमचा घालून बघा, आणि अजून खडबडीत लागलं तर मिश्रण किती आटवलं होतं आणि साखर नेमकी किती पडली होती, हे दोन आकडे मला कळवा.